शंभर फेऱ्यांचे आजोबा

दुधापेक्षा दुधावरची साय माणसाला अधिक प्रिय असते, असे आपल्याकडे म्हणतात. ज्या बापाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या पोराला कधी कडेवर घेतले नाही, तोच बाप आजोबा झाला की नातवाचा घोडा होऊन घरभर रांगू लागतो. त्यातून हे आजोबा फौजेतले पेन्शनर असले तर विचारायलाच नको! सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतून आणि पुण्याच्या पेठांतून असे आजोबा आपण सर्वांनी पाहिले आहेत. मिशीला पीळ, पहाटे पाचला अंघोळ, उंबऱ्याबाहेर चपलांची जोडी एका रेषेत. नातवाने गळ्यात पडून 'आजोबा, लढाईची गोष्ट सांगा' म्हटले की लढाई सोडून बाकी सगळे सांगतील. बोट कशी हेलकावे खात होती, बिस्किटे कशी दगडासारखी होती, खेचरे कशी अडून बसत, सारे सारे सांगतील. पण गोळी सुटली त्या जागेपाशी गोष्ट आली, की त्यांना एकाएकी तपकिरीची डबी सापडेनाशी होते.

आज ज्या आजोबांविषयी लिहायचे आहे, ते आपल्या पेठेतले नव्हेत. ते पक्के साहेबाच्या देशातले. पण तरुणपणी पुण्याचे पाणी प्यालेले! पुण्याचे पाणी प्यालेला माणूस शंभरी गाठतोच असे नाही, पण एखादी गोष्ट मनात घेतली की ती तडीस नेल्याशिवाय राहत नाही, एवढे मात्र खरे. या गृहस्थांनी दोन्ही गोष्टी करून दाखवल्या. त्यांचे नाव टॉम मूर.

२०२० सालचा एप्रिल महिना कोणी विसरले असेल असे वाटत नाही. आपल्याकडे २५ मार्चपासून सारा देश घरात बसला होता. इंग्लंडात दोनच दिवस आधी तोच हुकूम सुटला होता. रस्ते ओस, शाळा-कॉलेजे बंद. आम्ही प्राध्यापक मंडळी घरातल्या भिंतीकडे तोंड करून मोबाइलपुढे केशवसुत शिकवत होतो. या सगळ्यांत वाईट अवस्था होती ती घरातल्या वृद्धांची. त्यांचे देऊळ बंद, कट्टा बंद, बाग बंद. नातवंडांना जवळ घ्यायची चोरी. आणि त्याहूनही मनाला लागणारी गोष्ट निराळीच होती. रोज संध्याकाळी मृतांचे आकडे येत, आणि कोणी गेले असे कळले की आपला पहिला प्रश्न असे, 'वय काय होते?' ऐंशी म्हटले, की आपण नकळत सुस्कारा सोडत असू. जणू ऐंशीच्या पुढचे माणूस गेले तर ते हिशेबात धरायचे नाही! आपण कठोर नव्हतो, घाबरलेले होतो. पण दिवसभर कानावर येणारा तो प्रश्न घरातले म्हातारे माणूस मुकाट्याने ऐकत होते, हे ध्यानात घ्यायला हवे.

नेमक्या त्याच दिवसांत लंडनच्या उत्तरेला बेडफर्डशर परगण्यातल्या मार्स्टन मोरटेन नावाच्या एका खेड्यात नव्याण्णव वर्षांचे एक गृहस्थ चाकांच्या आधारकाठीला धरून आपल्या अंगणात फेऱ्या घालू लागले.

पण फेऱ्यांकडे वळण्यापूर्वी माणूस कोण होता हे सांगायला हवे. टॉम मूर यांचा जन्म ३० एप्रिल १९२० रोजी यॉर्कशर परगण्यातल्या कीथली या गावी झाला. कीथली हे लोकरीच्या गिरण्यांचे गाव. वडील बांधकामाच्या धंद्यातले आणि कानाने बहिरे. आई शाळेत मुख्याध्यापिका. मुलाला पुस्तकांपेक्षा मोटरसायकलचे वेड अधिक. शिक्षण स्थापत्याचे, म्हणजे आपल्या भाषेत इंजिनियरिंगच्या उमेदवारीचे. ते पुरते होते न होते तोच महायुद्ध पेटले, आणि १९४० साली विशीतल्या टॉमला सक्तीच्या भरतीत ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पलटणीत घेतले गेले. वर्षभरातच तो अधिकारी झाला, आणि त्याची रवानगी हिंदुस्थानात झाली.

त्या काळी भूमध्य समुद्रातून येणे धोक्याचे, म्हणून बोटी आफ्रिकेला वळसा घालून येत. असा लांबचा प्रवास करून हा तरुण मुंबईच्या धक्क्यावर उतरला, आणि तेथून आगगाडीने घाट चढून पुण्याला आला. १९४१-४२चे पुणे ते! छावणीत गोऱ्या शिपायांची वर्दळ, शहरात 'चले जाव'ची हवा. एकाच गावात दोन जगे नांदत होती आणि मधल्या पुलांवरून फक्त टांगे ये-जा करीत होते, असे म्हटले तरी चालेल. आमच्या आधीच्या पिढीने त्या गोऱ्या सोल्जरांना पाहून रस्ता बदललेला आहे, ही गोष्ट मी विसरू इच्छीत नाही. पण त्या खाकी कपड्यांत जी विशी-बाविशीची पोरे होती, त्यांतली बरीचशी आपण होऊन आलेली नव्हती, हेही तितकेच खरे.

टॉम मूरकडे या देशात काम आले तेही त्याच्या आवडीचे. सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांना शिकवून तयार करायचे! पुढे त्याला कलकत्त्याकडे जाण्याचा हुकूम झाला, आणि ऐन पावसाळ्यात रस्त्याने गाड्या हाकत त्या तुकडीने तो प्रवास तीन आठवड्यांत पुरा केला. ज्यांनी श्रावणात आपल्याकडची एखादी नदी ओलांडली आहे, त्यांना यातली मौज आणि यातना दोन्ही कळतील.

कलकत्त्याच्या पलीकडे ब्रह्मदेशचा आराकान प्रांत. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सैन्यात टॉम मूर तेथे लढला. डोंगर, चिखल, जळवा, मलेरिया. त्यालाही डेंग्यूच्या तापाने गाठले होते. या चौदाव्या सैन्याला 'विसरलेले सैन्य' म्हणत, कारण युरोपातल्या विजयांच्या बातम्यांपुढे ब्रह्मदेशच्या जंगलातल्या लढाईला वर्तमानपत्रांत जागाच नव्हती. आणि या विसरलेल्या सैन्यातले बहुसंख्य शिपाई हिंदी होते! गोऱ्या शिपायाला निदान मायदेशी गेल्यावर चार लोकांनी विचारले तरी असेल. आपल्या शिपायाला ते सुखही फारसे मिळाले नाही. ज्या राज्यासाठी तो लढला ते गेले, आणि जे नवे राज्य आले त्याच्या आठवणी निराळ्या लढ्याच्या होत्या. त्याने आपली पदके ट्रंकेत ठेवून दिली, त्यावर शेल्याची घडी घातली आणि तो शेतीला लागला. टॉम मूरची गोष्ट वाचताना मला पुन्हा पुन्हा आठवतात त्या या ट्रंका.

१९४५च्या फेब्रुवारीत चर्चिल रणगाड्यांचे शिक्षण घेण्यासाठी तो इंग्लंडला परतला आणि मग तेथेच शिक्षक झाला. युद्ध संपले. पुढची साठ वर्षे त्याने जे आयुष्य काढले ते तुमच्याआमच्यासारखेच. त्याच्यावर कोणी अग्रलेख लिहिला नाही. छपरांच्या मालाची विक्री केली, मग एका काँक्रीटच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला. तो कारखाना बंद पडायची पाळी आली, तेव्हा चार माणसे जमवून त्याने तो विकत घेतला आणि कामगारांच्या चुली पेटत्या ठेवल्या. मोटरसायकलच्या शर्यतीही केल्या. आणि एक काम त्याने व्रतासारखे चालवले. पलटणीतल्या जुन्या सोबत्यांचा दरवर्षी मेळावा भरवायचा! साठाहून अधिक वर्षे त्याने तो भरवला. अशा मेळाव्यात दरवर्षी खुर्च्या थोड्या कमीच मांडाव्या लागतात. तरीही पत्रे लिहायची, जागा ठरवायची, कोण आजारी आहे त्याची चौकशी करायची. माणसांना विसरायचे नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरे लग्न पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९६८ साली झाले. पत्नी पामेला, दोन मुली. संसार उशिरा मांडला, पण निगुतीने केला. उतारवयात पत्नीला स्मृतिभ्रंश झाला आणि तिला शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तेव्हा हा ऐंशी उलटलेला माणूस रोज तिच्यापाशी जाऊन बसत असे. आपले नावही जिला धड आठवत नाही तिच्यापाशी रोज जाऊन बसायचे, याला लागणारे धैर्य आराकानच्या जंगलातल्या धैर्यापेक्षा उणे म्हणता येणार नाही. २००६ साली ती गेली. त्यानंतर धाकट्या मुलीने वडिलांना आपल्या घरी आणले.

इंग्लंडात तीन पिढ्या एका छपराखाली राहणे हा काही सर्रास रिवाज नव्हे. आपल्याकडेही तो आता किती उरला आहे हे वाचकांनी मनाशीच म्हणावे. लेक, जावई, एक नातू, एक नात आणि आजोबा असे ते घर होते. आयुष्याची अखेरची बारा-तेरा वर्षे टॉम मूर यांनी त्या मुलांच्या शाळा, परीक्षा आणि दंगा यांच्या संगतीत काढली. घरातली म्हातारी माणसे मुलांना काय शिकवतात, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, बहुधा काहीच शिकवत नाहीत. ती नुसती असतात. शाळेतून आल्यावर खुर्चीत कोणीतरी बसलेले आहे आणि त्याला आपली घाई नाही, एवढे मुलाला पुरते.

२०१८ साली आजोबा घरात पडले. खुब्याचे हाड मोडले, बरगडी मोडून फुप्फुसाला इजा झाली. अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी असे पडलेले माणूस पुन्हा उठत नाही, अशी आपली समजूत. पण सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी त्यांना उठवले. त्याआधी डोक्यावरच्या त्वचेच्या कर्करोगावरही तेथेच उपचार झाले होते. या लोकांचे आपल्यावर ऋण आहे हे त्यांच्या मनात घर करून राहिले.

मग आला तो २०२०चा एप्रिल. कुटुंब अंगणात बसले होते, ऊन छान पडले होते. आजोबा आधारकाठी ढकलीत चार पावले चालले. जावई थट्टेने म्हणाला, एका फेरीला एक पौंड देतो, तुमच्या शंभराव्या वाढदिवसापर्यंत शंभर फेऱ्या घाला बघू! घरातली थट्टा ती. पण म्हाताऱ्याने ती मनावर घेतली. सरकारी इस्पितळांतल्या सेवकांसाठी एक हजार पौंड, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने आपले लाखभर रुपये, जमवायचे असे ठरले. ६ एप्रिलला पहिली फेरी झाली. एक फेरी पंचवीस मीटरांची. रोज दहा फेऱ्या. अंगात कोट, छातीवर पदके, गळ्यात टाय!

शंभर फेऱ्या म्हणजे अडीच किलोमीटर. साधारण शनिवारवाड्यापासून स्वारगेटपर्यंतचे अंतर. कॉलेजातला पोरगा अर्ध्या तासात चालून जाईल. पण आपल्याकडच्या आज्यांनी चातुर्मासात पिंपळाला लाख प्रदक्षिणा घालण्याचा नेम केलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या अडीच किलोमीटरांचा अर्थ समजावून सांगायला नको. वाटेच्या लांबीला तिथे महत्त्व नसते. आज नेम चुकला नाही, याला असते. गुडघे दुखत असतात, वाती करताना बोटे वाकत नाहीत, पण मोजणी सुटत नाही. फरक एवढाच, की टॉमआजोबांच्या प्रदक्षिणेच्या मधोमध कोणताही देव नव्हता. होत्या त्या रात्रपाळीच्या नर्सबाई.

हजार पौंड चार दिवसांत जमले. मग बातमी वर्तमानपत्रांत गेली, टेलिव्हिजनवर गेली, आणि पैशाचा ओघ असा लागला की मोजणारी यंत्रेच दमली! १६ एप्रिलला शंभरावी फेरी झाली, तेव्हा अंगणाच्या दोन्ही बाजूंना यॉर्कशर रेजिमेंटचे शिपाई अंतर राखून मानवंदनेला उभे होते. ड्यूक ऑफ वेलिंग्टनची जुनी पलटण २००६ साली याच रेजिमेंटमध्ये विलीन झाली होती. म्हणजे घरची माणसेच म्हणायची! आजोबा थांबले नाहीत, पुढच्या शंभर फेऱ्यांना लागले. वाढदिवसाच्या रात्री हिशेब मिटवला तेव्हा पंधरा लाखांहून अधिक लोकांनी दिलेली रक्कम सव्वातीन कोटी पौंडांच्या वर गेली होती. रुपयांत सांगायचे तर तीनशे कोटींच्या घरात. हा पैसा इस्पितळांच्या धर्मादाय निधीकडे गेला.

वाढदिवसाला लाखाहून अधिक शुभेच्छापत्रे आली. घरात ठेवायला जागा पुरेना, तेव्हा नातवाच्या शाळेने आपले दालन उघडून दिले, आणि आजोबांची पत्रे त्या दालनात जमिनीभर मांडली गेली. आकाशातून महायुद्धातली जुनी लढाऊ विमाने सलामी देऊन गेली. टपालखात्याने पत्रांवर त्यांच्या वाढदिवसाचा शिक्का मारला. त्यांनी एका गायकाच्या साथीने म्हटलेले गाणे खपात पहिल्या क्रमांकावर पोचले. पुढे १७ जुलैला विंडसरच्या किल्ल्यात खुद्द एलिझाबेथ राणीने त्यांच्या खांद्याला तलवार टेकवून त्यांना 'सर' केले. या विधीत गुडघा टेकायचा असतो. आजोबांनी तो टेकला नाही. आधारकाठी धरून ते उभेच राहिले, आणि चौऱ्याण्णव वर्षांच्या राणीची त्याला काही हरकत दिसली नाही.

पुढच्या वर्षी, २ फेब्रुवारी २०२१ रोजी, बेडफर्डच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले. न्यूमोनिया होता आणि करोनाही होता. ज्या रोगाशी लढणाऱ्यांसाठी ते चालले, त्याच रोगाने त्यांना नेले. सहा शिपायांनी पेटी खांद्यावर घेतली. निर्बंध असल्याने अंत्यविधीला घरची मोजकी माणसे होती. वर डकोटा विमान घिरटी घालून गेले. वय विचारून सुस्कारा सोडण्याची त्या दिवशी कोणाला इच्छा झाली नसावी.

येथेच लेखणी ठेवली असती तर दिवाळीला शोभेसा लेख झाला असता. पण पुढचे लपवणे बरे नव्हे. आजोबांच्या नावाने २०२० साली एक न्यास स्थापन झाला होता. त्याचा कारभार नीट नाही अशी कुजबुज सुरू झाली. घराच्या आवारात त्यांच्या नावावर परवानगी घेऊन इमारत उठली, तीत स्नानाचा तलाव निघाला, आणि ती पाडून टाकण्याचा हुकूम होऊन २०२४ साली ती पाडलीही गेली. धर्मादाय आयोगाने २०२२ साली चौकशी सुरू केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचा अहवाल आला. पुस्तकांचे पैसे न्यासाला मिळतील अशी लोकांची समजूत झाली होती, ते कुटुंबाच्या कंपनीकडे गेले, आणि लेक-जावयांकडून वारंवार गैरवर्तन झाले, असा ठपका त्यात ठेवला गेला. त्या दोघांना धर्मादाय संस्थांच्या विश्वस्तपदांवरून दूर करण्यात आले. कुटुंबाने हे आरोप मान्य केले नाहीत, आपल्यावर अन्याय झाला असे त्यांचे म्हणणे. इस्पितळांना गेलेल्या मूळ रकमेला मात्र या चौकशीने बोट लावले नाही. ती पोचायची तेथे पोचली होती.

हे वाचून माझे एक स्नेही म्हणाले, 'म्हणजे सगळे पाण्यात गेले म्हणायचे!' मला तसे वाटत नाही. आपल्याकडे देवळे बांधणाऱ्यांच्या वंशजांनी देवळांचे काय केले ते आपण पाहतो, तरी देवळात जाऊन हात जोडतोच ना? टॉम मूर यांची पुण्याई ज्या अडीच किलोमीटरांत साठली आहे, ते अंतर त्यांच्या दोन पायांनी कापले. तेथे दुसऱ्या कोणाचा पाय पडलेला नाही. वारशात घर येते, नाव येते, नावावर मिळणारा पैसाही येतो. चाललेली वाट मात्र वारशात येत नाही. ती प्रत्येकाने नव्याने चालायची असते. या गोष्टीतला धडा नातवंडांसाठी असेल, तर मला वाटते तो हाच आहे, आणि तो गोड नाही म्हणून सांगायचा टाळू नये.

आणि एक धडा आपल्या, म्हणजे मधल्या पिढीसाठी आहे. त्या जावयाने थट्टेत का होईना, पण म्हाताऱ्याला काहीतरी करायला सांगितले! आपण आपल्या आजोबांना काय सांगतो? बसा. पडाल. उन्हात जाऊ नका. तुम्हाला कळत नाही. मायेनेच सांगतो, पण त्या मायेच्या भाराखाली माणूस दबून जातो. नव्याण्णव वर्षांच्या माणसाला पंचवीस मीटरांची वाट आणि एक उद्दिष्ट मिळाले, तर तो काय करतो ते आपण पाहिले. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव 'टुमारो विल बी अ गुड डे'. उद्याचा दिवस चांगला असेल, एवढा साधा अर्थ. 'उद्या' हा शब्द शंभर वर्षांच्या माणसाने उच्चारावा, यातच त्याचे सारे मोल आहे.

वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे फिरतील, चार पिढ्या एकत्र बसतील. तुमच्या घरात फौजेतले कोणी आजोबा असतील, किंवा नुसती त्यांची ट्रंक उरली असेल. ती एकदा नातवंडांच्या हातून उघडवा. आत पदके निघतील, पलटणीचा एखादा पिवळा पडलेला फोटो निघेल, मागे झरणीने लिहिलेली नावे असतील. ती नावे मोठ्याने वाचायला लावा. शाई आणखी पुसट होण्याआधी हे काम झालेले बरे.